गोल्फच्या मैदानावरची बेअदबी

दुबईत हिशेबनीस असलेल्या आमच्या एका वाचक-बंधूंचे रमजान ईदनंतर पत्र आले. मूळ गाव दापोली तालुक्यातले. त्यांच्या कंपनीत वर्षातून एकदा गोल्फचा दिवस असतो आणि यंदा साहेबांनी त्यांनाही बोलावले आहे. खेळता येत नसेल तर नुसते सोबत चाला, असे सांगितले आहे. त्यांनी विचारले आहे की, अशा ठिकाणी कसे वागावे, कशापासून दूर राहावे, आणि चारचौघांत मान खाली घालायची पाळी येऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

उत्तर चार ओळींत देता आले असते. पण त्या निमित्ताने आम्ही खेळणाऱ्या काही मंडळींशी आणि त्याहून अधिक त्यांच्या पिशव्या उचलणाऱ्यांशी बोललो. सभ्य माणसांचा खेळ म्हणून गोल्फचा बोलबाला आहे. कानावर आलेल्या तक्रारी मात्र एस.टी.च्या रांगेतल्या आणि लग्नाच्या दस्तरखानावरच्या तक्रारींहून फारशा वेगळ्या नव्हत्या. कुणी दुसऱ्याचा वेळ खातो, कुणी घाण करून पुढे जातो, कुणी गरिबावर आवाज चढवतो.

घरोघरी वाचल्या जाणाऱ्या आपल्या मासिकात हा श्रीमंतांचा खेळ कशाला, असे कुणी विचारील. नाशिककर तरी विचारणार नाहीत. शाहजहानी ईदगाहला जायचे तर तिथला रिक्षावाला ‘गोल्फ क्लब’ म्हटले की लगेच ओळखतो. त्या मैदानावर आता गोल्फचा चेंडू कुणाला दिसत नाही. क्रिकेट चालते, पहाटे लोक फेऱ्या मारतात, नाव तेवढे राहिले आहे. दिल्लीत याहून मोठी गंमत आहे. तिथल्या गोल्फ क्लबच्या आवारात लाल बंगला नावाने ओळखले जाणारे मुघल काळाच्या उतरणीचे मकबरे आजही उभे आहेत. याच क्लबवर अली शेर नावाचा मुलगा कॅडी होता, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहत होता. १९९१ साली त्याच अली शेर यांनी इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. त्यांच्याआधी ती जिंकणारे भारतीय एकच, १९६५ साली बिल्लू सेठी, आणि ते हौशी खेळाडू होते. अली शेर यांनी १९९३ साली ती पुन्हा जिंकून दाखवली. दिल्लीचेच रशीद खान २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. तेव्हा हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. फक्त आपल्यातले बरेच जण त्यात मागच्या दाराने, खांद्यावर दुसऱ्याची पिशवी घेऊन शिरले.

आता खेळाबद्दल थोडे. अठरा खळगे असतात, त्यांना होल म्हणतात. प्रत्येक होलची सुरुवात ‘टी’वरून, म्हणजे नेमून दिलेल्या सपाट जागेवरून होते आणि शेवट ‘ग्रीन’वर, म्हणजे अगदी बारीक कापलेल्या गालिच्यासारख्या हिरवळीवर. मधल्या वाटेत वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणायचे. जो कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालील तो जिंकला. साधारण चार खेळाडू एकत्र निघतात, चार तास तरी लागतात आणि एका फेरीत सात-आठ किलोमीटर चालणे सहज होते.

या खेळाची खरी खूण म्हणजे नेहमीच्या खेळात तिथे पंच नसतो. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटीला लागला की नाही हे फलंदाजाला ठाऊक असते, तरी तो अंपायरच्या बोटाकडे पाहत उभा राहू शकतो. गोल्फमध्ये बोट वर करणारा कुणी नाही. झाडीमागे, सोबत्यांपासून पन्नास पावले दूर, आपण किती फटके मारले हे आपणच मोजायचे आणि आपणच खरे सांगायचे. या खेळाचे सर्वात जुने लेखी नियम १७४४ सालचे, स्कॉटलंडमधील लीथ गावचे. ते अवघे तेरा होते. आजचे नियमांचे पुस्तक जाडजूड झाले आहे, पण पाया तोच, खेळाडूच्या शब्दावर विश्वास.

१९२५ सालची अमेरिकन ओपन स्पर्धा. बॉबी जोन्स या नामवंत खेळाडूचा चेंडू गवतात होता. स्टिक टेकवताना चेंडू जरासा हलला, असे त्यांना वाटले. पाहिले कुणीच नव्हते. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली, त्यांनाही काही आढळले नाही. जोन्स यांनी तरीही स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर ते विली मॅकफार्लेन यांच्या बरोबरीत राहिले आणि बरोबरी सोडवण्याच्या फेरीत हरले. तो एक फटका लावून घेतला नसता तर विजेतेपद त्यांचेच होते. लोक वाहवा करू लागले तेव्हा, बँक लुटली नाही म्हणून कुणाचे कौतुक करतात काय, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात.

आपल्याकडे याला शब्द आहे, एहसान. अल्लाहला आपण पाहत आहोत अशा भावनेने इबादत करावी, आणि ते जमले नाही तरी तो आपल्याला पाहत आहेच, ही हदीस मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते. जोन्स मुसलमान नव्हते आणि त्यांना आपल्यात ओढण्याचा आमचा हेतू नाही. पण झाडीमागे एकटा असताना खरे मोजणारा माणूस पाहिला की, ही हदीस आपण नुसती पाठ केली की अंगी बाणवली, असा प्रश्न मनाला चाटून जातो.

मैदानावर बोबडे खोटे फार चालते, असे जाणकार सांगतात. बुटाच्या टोकाने चेंडू हळूच बऱ्या जागी सरकवणे, सात फटके मारून सहा सांगणे, हरवलेला चेंडू अचानक ‘सापडणे’. यात एक चलाखी अशी आहे की बाहेरच्याला ती कळतही नाही. या खेळात दुबळ्या खेळाडूला काही फटक्यांची सवलत मिळते, तिला हँडिकॅप म्हणतात. ती त्याच्या मागच्या फेऱ्यांच्या आकड्यांवरून ठरते. काही मंडळी मुद्दाम वाईट आकडे लिहून सवलत वाढवून घेतात आणि बक्षिसाच्या दिवशी एकदम फुलतात. रेशनकार्डावर उत्पन्न कमी दाखवण्याचाच हा हिरवळीवरचा अवतार. आणि गंमत अशी की ही कसरत करणाऱ्यांना बक्षिसात मिळालेल्या कपाची मुळीच गरज नसते.

सर्वांत जास्त ऐकू आलेली तक्रार मात्र वेळेची. मागे चार माणसे उन्हात ताटकळत आहेत आणि पुढचे महाशय पाच वेळा हवेत स्टिक फिरवून पाहतात, गुडघ्यावर बसून उतार मोजतात, उठतात, पुन्हा बसतात. मध्येच फोन वाजतो, तो घेतात आणि बोलत बोलत फिरत राहतात. नियमकर्त्यांनाही याचा कंटाळा आला असावा. २०१९ साली नियम बदलले तेव्हा हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली, आणि आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस झाली. रोजच्या खेळात जो तयार असेल त्याने आधी मारावे, ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत बसू नये, हेही आता मान्य झाले आहे. लखनवी तहजीबवाल्यांना हे जरा जड जाईल.

मागची तुकडी वेगवान असेल तर बाजूला होऊन तिला पुढे जाऊ देणे ही मैदानाची जुनी रीत आहे. तिथेच माणसाची परीक्षा होते. हळू खेळणे गुन्हा नाही. नवशिका हळूच खेळणार. रस्ता अडवून बसणे मात्र दुसऱ्याचे काहीतरी घेणे आहे. पैसे घेतले तर परत देता येतात. जुम्याच्या सकाळी खेळायला आलेल्या एखाद्या मुसलमान खेळाडूची जमात पुढच्या चौघांच्या गप्पांपायी हुकली, तर ती कोण परत देणार? हुकूकुल इबाद म्हटले की आपल्याला उधारी आणि वारसाहक्क आठवतो. दुसऱ्याचा अर्धा तासही त्याच वहीत लिहिला जातो. आपल्या लग्नपत्रिकांवर छापलेली वेळ आणि प्रत्यक्ष निकाहाची वेळ यांतले अंतर पाहता, गोल्फवाल्यांना नावे ठेवताना आपण आवाज जरा खालीच ठेवावा.

दुबईच्या बंधूंसाठी आता एक गोष्ट, जी नवख्याला कुणी सांगत नाही. ग्रीनवर खेळाडूचा चेंडू आणि खळगा यांच्यामध्ये एक न दिसणारी रेघ असते, चेंडू ज्या वाटेने गडगडणार ती. त्या रेघेवर पाय ठेवू नये. बुटाच्या दाबाने गवत बसते आणि चेंडू वाकडा जातो. वळसा घालून पलीकडे जावे. आपली सावलीही त्या रेघेवर पडू देऊ नये, फटका मारणाऱ्याच्या थेट मागे उभे राहू नये, नाणी खुळखुळवू नयेत. नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊ नये हे ज्याच्या अंगवळणी आहे, त्याला हे शिकायला वेळ लागणार नाही. सजद्याची जागा वेगळी आणि चेंडूची वाट वेगळी, हे सांगायला नको. पण मशिदीत पुढून न जाणारा माणूस नमाजीचा एकांत जपतो. एकाग्र झालेल्या माणसाला जपायची सवय एकदा लागली की ती सगळीकडे सोबत येते. आणि मोबाईल! खुतबा चालू असताना ज्याच्या खिशातून गाणे वाजते, तो ग्रीनवरही वाजवणारच.

जमिनीबद्दलचे नियमही नवख्याला ठाऊक हवेत. स्टिकच्या फटक्याने गवताचा तुकडा उपटला जातो, तो उचलून जागेवर बसवायचा आणि पायाने दाबायचा. काही मैदानांवर त्या जागी वाळू भरतात. उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर खळी पाडतो, ती छोट्या दातेरी अवजाराने कडेकडेने मिटवायची. बंकरमध्ये उतरलात तर आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने पुसून बाहेर पडायचे. ही कामे मिनिटभराची आहेत आणि बरेच लोक ती करत नाहीत, कारण त्या खळीचा त्रास त्यांना होणार नसतो. तो मागून येणाऱ्याला होतो, ज्याचे तोंडही त्यांनी पाहिलेले नसते.

आखातातील जुन्या लोकांना हे अधिक नीट कळत असे, असे वाटते. दुबईत १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लबचे हिरवे मैदान झाले. मध्यपूर्वेतील पूर्ण गवताचे ते पहिले मैदान. त्याआधी तिथे खेळणारे वाळवंटातच खेळत. ग्रीनच्या जागी तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे तपकिरी वर्तुळ असे, त्याला ‘ब्राउन’ म्हणत. खेळून झाले की झाडणीने ते सारखे करून ठेवायचे. खेळाडू कृत्रिम गवताची छोटी चटई बरोबर बाळगत, चेंडू तिच्यावर ठेवून फटका मारत आणि चटई उचलून पुढे जात. वाळूवर पावलाचा ठसा लगेच दिसतो, म्हणून पुसायची लाजही लगेच वाटते. हिरवळ दोष झाकते. (गवत आले तसे पाणीही आले. कोरड्या मुलखात एका खेळासाठी किती पाणी ओतावे, हा प्रश्न मराठवाड्यातल्या वाचकांच्या मनात आला असेलच. तो खरा प्रश्न आहे आणि त्याला स्वतंत्र लेख हवा.)

नावाजलेले लोकही या बाबतीत घसरतात. २०१९ च्या फेब्रुवारीत सौदी अरेबियातील किंग अब्दुल्लाह इकॉनॉमिक सिटीत मोठी स्पर्धा झाली. स्पेनचे सर्जिओ गार्सिया, ज्यांनी दोन वर्षे आधी मास्टर्ससारखी स्पर्धा जिंकली होती, रागाच्या भरात ग्रीनवर स्टिक आपटत आणि पाय घासत गेले. एका नव्हे, अनेक ग्रीन खराब झाल्या. मागून येणाऱ्या खेळाडूंनी तक्रार केली आणि त्यांना स्पर्धेतून बाद करण्यात आले. त्यांनी माफी मागितली. शिष्टाचाराच्या गोष्टी पूर्वी नियमांच्या पुस्तकात प्रस्तावनेसारख्या येत, वाचल्या तर वाचल्या. २०१९ पासून त्या नियमांतच गुंफल्या आहेत, आणि गंभीर गैरवर्तनाला थेट बाद करता येते. गार्सियांचे प्रकरण नवे नियम लागू झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यातले. राग गिळणारा खरा पहिलवान, ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण इथे किती नेमकी बसते! त्या मैदानावर त्या दिवशी अंगात ताकद सगळ्यांच्याच होती.

एवढा वेळ हिरवळीबद्दल बोललो, पण आमचे मन जिथे अडकले ती गोष्ट माणसांची आहे.

महाराष्ट्रातील एका मोठ्या शहरातल्या मैदानावर वीसेक वर्षे कॅडी म्हणून राबलेले एक चाचा आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडून जे ऐकले ते कुठल्याही नियमांच्या पुस्तकात सापडणार नाही. पिशवीत चौदापर्यंत स्टिक असतात. वजन बारा-पंधरा किलो. फज्र पढून घराबाहेर पडायचे, कारण साहेब लोक उजाडता खेळायला येतात. पाळी मिळेल याची खात्री नाही. मिळाली तर मजुरी, नाहीतर चहा पिऊन परत. उतार कोणता, वारा कुठला, कोणती स्टिक घ्यावी, हे साहेब विचारतात. सल्ला बरोबर ठरला तर फटका साहेबांचा. चुकला तर चूक कॅडीची.

“वीस वर्षांत एकाही साहेबाचा चेंडू स्वतःच्या चुकीने पाण्यात गेला नाही,” चाचा सांगतात, “माझ्या सावलीने गेला, माझ्या खोकल्याने गेला, माझ्या नशिबाने गेला.”

हे ते हसत सांगतात. ऐकणाऱ्याला हसू येत नाही. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेले लोक त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारत. रागाने भिरकावलेली स्टिक एकदा त्यांच्या पोटरीला लागली, तेव्हा त्या गृहस्थांनी आधी स्टिक वाकली की काय ते पाहिले. हजरत अनस (रजि.) दहा वर्षे प्रेषितांच्या (स.) खिदमतीत होते. त्या दहा वर्षांत प्रेषितांनी त्यांना कधी ‘उफ्’ सुद्धा म्हटले नाही, हे अमुक का केलेस आणि तमुक का केले नाहीस असेही विचारले नाही, अशी त्यांची साक्ष आहे. ही साक्ष नोकराची आहे, मालकाची नाही. माणसाचे अखलाक त्याच्या मित्रांना विचारून कळत नाहीत. पिशवी उचलणाऱ्याला विचारावे.

आणि धोका. गोल्फचा चेंडू जेमतेम शेहेचाळीस ग्रॅमचा, पण गोटीसारखा टणक. पट्टीच्या खेळाडूच्या स्टिकवरून तो ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने सुटतो. म्हणून चेंडू माणसांच्या दिशेने चालला असे दिसताच ‘फोर!’ अशी आरोळी ठोकायची असते. अर्थ एवढाच, पुढच्यांनो, सांभाळा. ती ऐकणाऱ्याने मान वर करून पाहायचे नसते. डोके हातांनी झाकून खाली वाकायचे असते. बंधूंनी एवढे एक तरी लक्षात ठेवावे. २०१८ साली पॅरिसजवळ रायडर कप स्पर्धेत नामांकित खेळाडूचा भरकटलेला चेंडू प्रेक्षकांत उभ्या असलेल्या एका बाईंच्या डोळ्यावर बसला आणि त्या डोळ्याची नजर गेली. जगातल्या निवडक खेळाडूंच्या स्पर्धेत ही गत, तर रविवारच्या हौशी साहेबांचे काय सांगावे?

आपल्याकडच्या मैदानांवर चेंडू कुठे पडतो ते पाहायला एक माणूस पुढे पाठवतात. त्याला ‘आगेवाला’ म्हणतात. नावच सगळे सांगते. चेंडू ज्या दिशेला येणार, त्याच दिशेला त्याने उभे राहायचे. चाचांची सुरुवात याच कामाने झाली, वय तेव्हा चौदा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुष्कळ साहेबांना ‘फोर’ ओरडायची लाज वाटते, कारण ओरडले की फटका चुकल्याचे साऱ्या मैदानाला कळते. आपली फजिती लपावी म्हणून एखाद्याच्या पोराचे डोके पणाला लावायचे! स्टिक फिरवण्याआधी पुढची माणसे पुरेशी दूर गेली आहेत का हे पाहणे आणि चुकले तर गळा फोडून ओरडणे, बाकी सगळा शिष्टाचार विसरला तरी चालेल, हा विसरता कामा नये.

मजुरीचेही तसेच. घाम वाळण्याआधी मजुराला त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण जलशांतून ऐकतो. चाचांच्या आठवणीत असे साहेब आहेत, जे खेळ संपताच गाडीत बसत आणि काचेतून ‘पुढच्या वेळी एकदम’ असे खुणावत. पुढची वेळ दोन आठवड्यांनी येई. त्या दोन आठवड्यांत घरात किराणा लागतच असतो. एक म्हातारे पारशी गृहस्थ मात्र पहिल्या टीवर जाण्याआधीच मजुरीची नोट चाचांच्या खिशात घालत, मध्येच आपल्याला काही झाले तर तुझे राहून जायला नको म्हणून. चाचा त्यांच्यासाठी अजून दुआ करतात.

आता बंधूंच्या बाकीच्या शंका. पहिली पैशाची. दर होलवर काही रक्कम लावून खेळणे या खेळात इतके सर्रास आहे की, लावणाऱ्याला तो जुगार वाटतही नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला द्यायचे ठरले की तो जुगारच, मग रक्कम दहा दिरहम असो की चहाची. ‘मी पैसे लावून खेळत नाही, फक्त खेळतो’ एवढे पहिल्या होलआधी हसून सांगावे. मध्येच सांगितले तर हरत आहे म्हणून सांगतो, असे लोकांना वाटते. दुसरी शंका दारूची. खेळानंतर क्लबच्या इमारतीत बसण्याची रीत आहे आणि तिथल्या बारला थट्टेने ‘एकोणिसावे होल’ म्हणतात. तिथे न बसण्यात अपमान कुणाचाच होत नाही. अठराव्या होलवर हस्तांदोलन करून, असरची वेळ झाली म्हणून निघावे. आखातात हे कारण सांगायला संकोच कसला? उलट, इथे आपल्याकडे एखाद्या कंपनीच्या समारंभात ते सांगताना आपल्या पोरांची जीभ अडखळते, तिथे मात्र आपण त्यांना धीर द्यायला हवा.

कपड्यांचा प्रश्न सोपा आहे. कॉलरचा सदरा आणि पूर्ण पँट बहुतेक ठिकाणी चालते, जीन्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आपल्या भगिनींनी पूर्ण बाह्या आणि स्कार्फ घालून खेळायला नियमांची आडकाठी नाही. त्यांना त्रास होतो तो वेगळाच. कुणीही पुरुष, स्वतःचा चेंडू झुडपात असताना, त्यांना न विचारता शिकवायला पुढे सरसावतो. ही तक्रार आम्ही दोन भगिनींकडून ऐकली आणि दोघींनी ती जवळजवळ त्याच शब्दांत सांगितली. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये, हा गोल्फचा जुना शिष्टाचार आहे. आमच्या मते तो सासरीही लागू करायला हरकत नसावी.

नवी मुंबईत खारघरला सिडकोने केलेले मैदान आहे, तिथे क्लबचे सभासद नसतानाही पैसे भरून खेळता येते. सुटीत आखातातून घरी येणाऱ्यांपैकी कुणाला हात बसवायचा असेल तर ती सोय आहे. लहान मुलांना नेणार असाल तर त्यांना फटका मारणाऱ्याच्या बाजूला, चांगले दूर आणि नेहमी आपल्या नजरेसमोर उभे करा. बॅटरीच्या गाडीचे चाक ग्रीनवर चढवू नका. खिशात एक नाणे ठेवा. ग्रीनवर आपला चेंडू दुसऱ्याच्या वाटेत येत असेल तर तो उचलण्याआधी त्याच्या लगेच मागे नाणे ठेवायचे असते, आणि नंतर चेंडू पुढे न सरकवता, बरोबर होता तिथेच ठेवायचा असतो.

शेवटच्या होलनंतर टोपी काढून सोबतच्या प्रत्येकाशी हात मिळवायची पद्धत आहे. चाचांनी त्या वीस वर्षांत ज्यांच्या पिशव्या उचलल्या, त्यांतले हात मिळवताना कॅडीपर्यंत येऊन थांबणारे साहेब किती, असे आम्ही विचारले. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दुसरा हात लागला नाही.